मस्कत जवळ की नागपूर

पोशीर ते नागपूर.
नेरळपर्यंत रिक्षा, तिथून कल्याण, कल्याणहून रात्रीची गाडी. सकाळी नागपूर. विठाबाई दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाते. डब्यात चपात्या आणि सुकटीची चटणी. दोनदा गर्दीत चप्पल हरवून आली, तिसऱ्यांदा दुसऱ्याची घालून आली, असं तिचा नवरा श्रीपत सांगतो.

मुंबई ते मस्कत.
विमानानं पावणेतीन तास. हे तिचा मुलगा मिलिंद सांगतो.

त्याला दोन्हीकडून बोलावणं होतं. दोन्ही ठिकाणी दवाखान्याची लॅब, रक्त तपासायचं काम. मस्कतला पगार तिप्पट. आईनं हो म्हटल्याशिवाय जाणार नाही, असं त्यानं स्वतःच बोलून ठेवलं होतं आणि आता तो अडकला होता. महिनाअखेर कळवायचं होतं.

म्हणून तो रोज जेवताना हेच काढायचा. तुला बरं नाही असं कळलं, तर नागपूरहून यायला रात्र जाईल. मस्कतहून पावणेतीन तास. मग जवळ काय?

पोशीर ते विमानतळ.
हे श्रीपतनं मध्येच घातलं. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे रिक्षा. शिवाय विमानाच्या आधी तीन तास जाऊन बसायचं, ते कुणाच्या नावावर धरायचं? मिलिंदनं तेही धरलं. सामान हातात येईपर्यंतचा वेळसुद्धा धरला. तरी मस्कतच जिंकत होतं.

विठाबाई भात वाढत होती. आठवडाभर ती यावर एक शब्द बोलली नव्हती. पोरगा रोज जेवायच्या वेळी मस्कतला जाऊन येतोय, तू काहीतरी बोल, असं श्रीपतच तिला म्हणाला.

"तू येशील रं तेवढ्या वेळात," ती म्हणाली. "तू आजारी पडलास, तर मी कशी येऊ?"

पोशीर ते मस्कत.
हे कुणी मोजलंच नव्हतं. मिलिंद मोजायला बसला आणि उंबऱ्यातच थांबला. आईकडे पासपोर्ट नव्हता.

"नागपूरला मी उठले की निघते," ती म्हणाली. "तिथं मला कोण अडवतंय?"

मिलिंदनं मस्कतला ना होकार कळवला, ना नकार. थोडी मुदत वाढवून घेतली आणि आईचा पासपोर्टचा अर्ज भरला. चौकशीला आलेल्या पोलिसानं विचारलं, मावशी, कुठं निघालात? कुठं नाय, घरात असू दे, म्हणाली. तो हसला, चहा पिऊन गेला.

पासपोर्ट आला. व्हिसा वेळ पडली की मी तिकडून पाठवीन, मिलिंद म्हणाला. विठाबाईनं आतला स्वतःचा फोटो बघून नाक मुरडलं, पासपोर्ट पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली ठेवला.

"जा आता."

मस्कत, विमानतळ ते खोली.
पहिल्या आठवड्यातला फोन. जेवलास का, ऊन किती, पाणी बरं हाय का, हे झालं. मग तिनं विचारलं, विमानतळापासून तुझी खोली किती लांब.

"गाडीनं अर्धा तास."

"आणि चालत?"

"चालत कशाला? मी येईन ना घ्यायला."

"तू आजारी असशील."

मिलिंद म्हणाला, शुक्रवारी सुट्टी हाय. चालून बघतो, सांगतो.