बोलुम्बूचं शहर

बोटीवरून किनाऱ्याला टाकलेल्या फळीवर एकोफो मध्येच थांबला. मागच्या बाईच्या डोक्यावर धुरी दिलेल्या माशांची टोपली होती. ती करवादली, "अहो बाबा, चला की! शहर काय पळून चाललंय?"

त्याने गाठोडं छातीशी धरलं आणि उरलेली चार पावलं टाकली. अकरा दिवस नदीवर काढल्यामुळे जमीनच पायांखाली डुलत होती. साठी उलटली तरी तो किन्शासाला कधी आला नव्हता, पण कुणाला वाट विचारावी असं काही त्याला वाटेना. त्याची बायको बोलुम्बू इथली होती. गेल्या पावसाळ्यात ती वारली. त्याआधी तीस वर्षं तिने त्याला हे शहर सांगितलं होतं. चुलीशी बसून, जाळं दुरुस्त करताना, पोरींना थोपटताना.

आणि आता ते तिने सांगितल्यासारखंच समोर उलगडत होतं. पिवळ्या गाड्यांच्या दाराला लटकलेली माणसं वस्त्यांची नावं गाणं म्हणावं तशी ओरडत होती. डोक्यावर पावांच्या पराती घेऊन बायका रहदारीतून अशा चालत होत्या, जणू त्यांच्यासाठी रस्ता आपोआप दुभंगतो. पुढे वळणावर आंब्याचं झाड, झाडाखाली न्हावी. खरंच न्हावी होता! एकोफोने त्याला ओळखीच्या माणसाला करावा तसा हात केला. न्हाव्यानेही वस्तरा उंचावला. धुळीत ऊन तरंगत होतं. एकोफो झोपेत चालल्यासारखा चालत राहिला, आणि प्रत्येक कोपऱ्यावर त्याला वाटे, ती आत्ताच इथून वळली.

फक्त घर सापडेना. निळं घर, वर गच्ची, गच्चीवरून नदीपलीकडचं दुसरं शहर दिसतं, संध्याकाळी शेजारचा माणूस ट्रम्पेट वाजवतो. त्या सबंध रस्त्यावर गच्ची एकाही घराला नव्हती. शेवटी त्याने एका शिंपिणीला खिशातलं, पत्ता लिहिलेलं पत्राचं पाकीट दाखवलं. बोलुम्बूची थोरली बहीण ओदेत हिची पत्रं वर्षातून दोनदा बोटीवाल्यांबरोबर गावी येत, आणि धक्क्यावरून ती घरी एकोफोच आणत असे. वाचता त्याला येत नव्हतं.

"ओदेत मावशी होय? भट्टीच्या मागे बघा," शिंपीण म्हणाली.

पावाच्या भट्टीमागे पत्र्याची एक खोली होती. दारात एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिने मान वर केली आणि एकोफो जागीच थबकला. हनुवटी अगदी बोलुम्बूची होती.

"या पाहुणे," ती म्हणाली. "तुम्हीच एकोफो ना? डाव्या कानाची पाळी फाटलीय, त्यावरून ओळखलं."

त्याने गाठोडं सोडून बोलुम्बूचं सणाचं वस्त्र तिच्या मांडीवर ठेवलं. ओदेतने ते नाकाशी धरलं. मग उठून तिने त्याला पाणी दिलं, पानात गुंडाळलेली कसाव्याची वडी आणि मासा वाढला.

खाऊन झाल्यावर त्याने विचारलं, "ताई, तुमचं जुनं घर कुठं आहे? गच्चीचं?"

"कसली गच्ची?"

"बोलुम्बू लहानाची मोठी झाली ते घर."

ओदेतने शेंगांनी भरलेलं सूप बाजूला सारलं.

"पाहुणे, बोलुम्बूने किन्शासा कधी पाहिलंच नाही. आम्ही दोघी तुमच्या गावापासून दोन दिवसांच्या वाटेवरच्या. शहरात मी एकटी आले. तिला हे सगळं मीच पत्रातून लिहायचे."

"पण ती मला पहिल्यांदा भेटली तेव्हाच..."

"तिच्या अंगावर मी पाठवलेलं कापड होतं. तुम्ही विचारलंत, किन्शासाची का? पोरीने मान डोलावली. मग ते निस्तरता निस्तरता तीस वर्षं गेली. मला शपथ घातली होती, तू इकडे येऊ नकोस, तुझं तोंड म्हणजे फुटकं मडकं."

"आणि गच्ची?"

ओदेत हसली, मग तिने अंगावरच्या कापडाचं टोक तोंडावर धरलं. "ती मी ठोकून दिली होती. पिठाच्या पोत्यांवर झोपते असं लिहिणार होते का धाकटीला? जिवाला लावून घेतलं असतं तिने."

भट्टीत कुणीतरी लाकडं टाकली. एकोफो आपला तळहात दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घासत राहिला. होड्या बनवताना लाकूड तासून तो तळहात दगडासारखा झाला होता.

"किन्शासाचं माणूस धक्क्यावर उतरलं," तो सावकाश म्हणाला, "की ती शेतावर निघून जायची. दिवसभर यायची नाही. मला वाटायचं, माहेर आठवतं हिला. मी त्या दिवशी स्वतः रांधून ठेवायचो."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला कसं?"

ती आत गेली आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. तो पत्रांनी गच्च भरला होता. एक पत्र काढून तिने ते उन्हाकडे धरलं, चष्म्याची तुटकी काडी कानामागे दाबली आणि वाचू लागली.

"ओदेत, नवी होडी झाली की विकण्याआधी हा तिच्यात एक दुपार निजतो. कुणाला सांगत नाही. आज मलाही घेऊन गेला. लाकडाचा ओला वास येत होता. म्हणाला, शहराची आठवण येते का गं? मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्याने माझा हात इतका वेळ धरून ठेवला नसता."

ओदेतने कागद खाली केला. भट्टीतून पहिला घाणा निघाला असावा. गरम पावाचा वास दारापर्यंत आला. एकोफोने आपलं स्टूल उचललं आणि तिच्या अगदी जवळ आणून ठेवलं.

"पुन्हा वाचा," तो म्हणाला. "जरा हळू."