तिरका चेक

आमच्या नाहूरच्या पतपेढीत चेक आई छापते. चेकबुक बँकेचंच, पण नाव, तारीख, रक्कम ऑफिसच्या प्रिंटरवर. मागच्या आठवड्यात बँकेने अकरा चेक परत पाठवले. चेकच्या तळाशी आकड्यांची पांढरी पट्टी असते ना, ती बँकेचं मशीन वाचतं. आमच्या संस्थेचं नाव सहीच्या जागेवरून घसरून थेट त्या आकड्यांवर बसलं होतं!

सेक्रेटरी धोंडिरामकाकांनी आईला सुनावलं, "रुक्मिणीबाई, आज जमलं नाही तर उद्यापासून गोरेगावचा माणूस छापेल. तुम्ही पासबुकं भरा."

हे काम आईने स्वतः शिकून मिळवलं होतं. मी शाळेतून दप्तरासकट तिथेच आले, तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

कॉम्प्युटरवाला सौरभ फोनवर म्हणाला, "सेटिंग दोन मिलिमीटर वर घ्या." आईने घेतलं. आता डावीकडचं नाव रेषेच्या फार वर. वाट लागली!

मी सेटिंग परत जागेवर आणलं, चेकच्या मापाचा कोरा कागद कापला, त्यावर छापलं आणि कंपासमधली पट्टी लावली.

"आई, डावीकडे बरोबर आहे गं. उजवीकडेच उतरतंय."

"म्हणजे?"

"सेटिंग चुकलं असतं तर अख्खी ओळ खाली गेली असती ना! चेक आत जातानाच तिरका होतोय."

धोंडिरामकाका हसले. "आता नववीतली पोरगी मशीन खोलणार!"

"खोलणार," मी म्हटलं.

बटण बंद केलं, ट्रे ओढला, आईच्या मोबाइलचा टॉर्च मारला. कागद सरळ धरणाऱ्या खाचेत काहीतरी लाल दिसलं. चिमट्याने काढलं. कुंकू लागलेला तांदूळ! एक नाही, तीन दाणे.

"खंडेनवमीला प्रिंटरची पूजा कोणी केली?"

आई छताकडे बघायला लागली. काका म्हणाले, "मी... थोड्याच अक्षता टाकल्या होत्या."

"मूठभर होत्या," आई म्हणाली. त्या दिवसातला तिचा पहिला खणखणीत आवाज.

ट्रे परत बसवला, कोरा कागद छापला, चेकवर ठेवून ट्यूबलाइटसमोर धरला. चौकटीत तारीख, रेषेवर नाव, खालची पट्टी स्वच्छ. झकास! मग आईने अकरा नवे चेक छापले, काकांनी सह्या केल्या आणि आम्ही तिघं धावत बँकेत.

काउंटरवरच्या जेनेव्हिव्ह मॅडमनी तपासायला म्हणून एकेक चेक मशीनमध्ये सोडला. खर्र, हिरवा दिवा. खर्र, हिरवा दिवा. मी मोठ्याने मोजत होते, रांगेतले लोक वळून बघत होते, बघू देत! अकराव्याला मी अशी ओरडले की वॉचमन उठून आला.

काकांनी तिथल्या तिथे गोरेगावला फोन लावला. "नको, येऊ नका. आमच्या रुक्मिणीबाई छापतात."

आईने पदर खोचला. "आजचे राहिलेले चेक उद्या सकाळी छापायला घेते, काका. आणि छापताना मला कुणी हाक मारायची नाही."

"नाही मारणार," काका म्हणाले.