तपासणीचा रुग्ण

"भिकाजी, आजपासून तुझं मरण खलास!" रुग्णालयाचा व्यवस्थापक व्हर्नन हसत म्हणाला. "इन्स्पेक्शन नाही, मॉक ड्रिल नाही. ऑनलाइन हमी दिली, डायलिसिस सुरू. यल्ला, चल, फुगे लाव."

लादी पुसणाऱ्या भिकाजीचा हात थांबला. "मग सर, पेशंट कोण होणार?"

"खरे पेशंट होतील की रे!"

आखाती देशातल्या अल कुसैसमधील त्या लहानशा खासगी रुग्णालयात नवा विभाग उघडावयाचा असला, की सरकारी निरीक्षकांसमोर आणीबाणीची तालीम होई आणि रुग्णाची भूमिका सफाई कामगार भिकाजीकडे येई. चादर मळू नये म्हणून तो आधी बूट काढून पलंगाखाली जोडून ठेवी, एखाद्या देवळाच्या पायरीशी ठेवावेत तसे. मग छाती धरून पलंगावर कोसळे. परिचारिका धावत. प्राणवायू येई, तपासणीपुरते भाड्याने आणलेले विजेचा धक्का देणारे यंत्र येई. अखेरीस निरीक्षक त्याच्याशी हस्तांदोलन करीत. एरवी त्या हाताला कोणाचा हात लागत नसे.

आता नव्या सेवांसाठी पूर्वतपासणीची अट शिथिल झाली होती; सगळी यंत्रे जागेवर आहेत अशी ऑनलाइन हमी रुग्णालयाने दिली की पुरे.

फुगे बांधताना तो परिचारिका अ‍ॅग्नेसला म्हणाला, "सिस्टर, सकाळपासून डावा हात जड झालाय हो."

"रोल गेला म्हणून नाटकं काय?" ती हसली. "मालक येतायत. मागनं बघते हां."

मालक आले. फीत कापली गेली. टाळ्या चालू असतानाच भिकाजी छाती धरून नव्या पलंगावर कोसळला.

"वा! फेअरवेल परफॉर्मन्स!" व्हर्नन ओरडला. टाळ्या वाढल्या.

मालकांनी मोबाईल काढला. "थोडा और तडपो, भाई! व्हिडिओ बना रहा हूँ."

भिकाजीने आज्ञा पाळल्यासारखे झाले.

अ‍ॅग्नेसही टाळ्या वाजवीत होती. मग तिची दृष्टी त्याच्या पायांकडे गेली. शुभ्र चादरीवर बुटांचे काळे ओरखडे उमटत होते.

"सर, बूट! यानं बूट काढले नाहीत!"

ती धावली, छाती दाबू लागली. "शॉकचं मशीन आणा!"

व्हर्ननचा स्वर खाली आला. "ते अजून यायचंय. हमीत लिहिलंय, पण... नेक्स्ट वीक, इन्शाल्ला."

हातांतले त्राण सरेपर्यंत ती दाबीत राहिली. मालक केव्हाच निघून गेले होते.

"सिस्टर," व्हर्नन हळूच म्हणाला, "चादर बदलून घ्या. संध्याकाळी पहिला पेशंट आहे."

अ‍ॅग्नेसने भिकाजीच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, ते पायांतून अलगद काढले आणि पलंगाखाली जोडून ठेवले.