भाजीच्या खणातला पतंग

आर्डिसने खिडकीतली बाटली उचलून वर्लिनसमोर ठेवली आणि ती कॉफी ओतायला वळली. बाटलीत ओकची दोन सुकी पानं होती, आणि काचेला चिकटलेला, तांदळाच्या कणीहून लहान पतंग. पंखांवर चंदेरी पट्टा.

तिचा नवरा आयनर लग्नापासून असल्या बाटल्या फ्रिजमधल्या भाजीच्या खणात ठेवायचा. पानांतल्या कोशांना हिवाळा लागतो म्हणे. गाजरं मात्र वरच्या फळीवर सुकून काठ्या व्हायची, आणि त्यावरून नवराबायकोत कायम खटके उडायचे. जानेवारीत आयनर गेला. शेजारणींनी घरी भाजलेल्या हॉटडिशच्या जेवणाचे डबे आणून फ्रिज गच्च भरला. आर्डिसने ते खाल्ले, डबे धुतले, परत केले. रडायला हवं हे तिला कळत होतं, पण आत काही हलतच नव्हतं. बर्फ वितळू लागल्यावर वर्लिनने फोनवर सांगितलं, तशी तिने खणातली बाटली खिडकीत ठेवली.

वर्लिन हा आयनरचा पतंगांच्या नादातला जोडीदार. भिंगातून बघता बघता तो बोलत राहिला. पट्ट्यावर जायचं नाही, अशा दिसणाऱ्या जाती दोन. दोन्हींच्या अळ्या ओकचंच पान आतून पोखरतात. एक नेहमीची, दुसरी मिनेसोटात अजून कुणालाच सापडलेली नाही. ती निघाली तर शोध आयनरच्या नावावर लागणार होता. मागच्या पंखाखाली काळ्या केसांचा झुबका असला की नर, मग त्याचं पोट उघडून जात ठरवायची. बोलता बोलता त्याने भिंग खाली ठेवलं.

"मादी आहे."

"मग?"

"माद्या दोन्हींच्या सारख्याच, आर्डिस. जोडीचा नर नसला की ही कुठली, ते कुणालाच सांगता येत नाही."

परवा चर्चमध्ये नव्या पाद्रीबाईंना तिची ओळख करून देताना कुणीतरी 'ही आयनरची' एवढं म्हणून अडखळलं होतं. आर्डिसने कॉफीत उगाच चमचा फिरवला.

"नमुन्याच्या चिठ्ठीवर काय लिहितात अशा वेळी?"

"मादी. आणि कुठे मिळाली ते."

"मग नीट लिही. माझ्या भाजीच्या खणात."

वर्लिन हसला आणि मान खाली घालून चिठ्ठी लिहू लागला.

तो बाटली घेऊन गेल्यावर तिने खण धुऊन पुसला. वरच्या फळीवरची गाजरं त्यात रचली आणि खण आत लोटला. फ्रिजचं दार धरून ती तशीच उभी राहिली. मग खण पुन्हा ओढून एकेक गाजर तिने परत वरच्या फळीवर सुकायला ठेवलं.