थंड खोलीतलं मशीन

भीती माणसाला सावध करते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. पिंप्राळ्याच्या पितांबर चौधरींना तिने नऊ दिवस फक्त जुलाब करवले.

पितांबरभाऊ अडाणी नव्हते. हायवेला त्यांचं केळी पिकवायचं चेंबर होतं. मोबाईलवर ओळख झालेल्या एक मॅडम म्हणाल्या, "आमची क्रिप्टो मायनिंगची, म्हणजे ऑनलाइन नाणी काढायची मशीनं फार तापतात, म्हणून थंड खोलीत ठेवावी लागतात." दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती, भाऊंची उलट खात्री पटली. मॅडमनी पाठवलेल्या व्हिडिओतल्या खोलीच्या दाराला त्यांच्या चेंबरसारखंच जाड काळं रबर होतं. जो माणूस दाराच्या रबरावर खर्च करतो तो बुडवत नाही, हा त्यांचा धंद्यातला अनुभव. त्यांनी चार लाख टाकले आणि धुळ्याला जाऊन व्याह्यांनाही सांगून आले.

नऊ दिवसांपूर्वी त्यांनी पैसे काढायला घेतले. आधी टॅक्स भरा, मॅडम म्हणाल्या. भाऊंनी दोन लाख भरले. ते जाताच मॅडमनी आणखी 'फी' मागितली, तेव्हा भाऊंना कळलं, पैसे बुडाले. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर त्यांना पाठ होता. कुणालाही फोन लावला की आधी तीच सूचना ऐकू येई. पण तक्रार केली की बातमी फुटणार. आणि चुडामण आबांनी, म्हणजे लेकीच्या सासऱ्यांनी, त्यांच्या शब्दावर एक लाख टाकले होते. "टाकले, भाऊ. तुम्ही सांगितलं म्हणजे झालं," असं आबा स्वतः म्हणाले होते. मोनालीला त्या घरात अजून चाळीस वर्षं काढायची होती. आधी आबांना समक्ष सांगायचं, मग तक्रार, असं ठरवून भाऊ रोज निघत आणि रिक्षा स्टँडवरून परत येत.

नवव्या दिवशी मॅडमचा मेसेज आला. "अंकल, फी आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर तुमच्या नॉमिनीशी बोलावं लागेल. मोनाली. देवपूर, धुळे."

नाव-पत्ता भाऊंनीच भरला होता, पिनकोडसकट.

त्यांनी धुळ्याची एसटी पकडली. व्याह्यांकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून मांडीवर केळ्यांची फणी. पारोळा येईपर्यंत खिशातला फोन सात वेळा थरथरला.

देवपूरला दार आबांनीच उघडलं. तोंड हसरं. म्हणजे मॅडमचा फोन आला नव्हता. किंवा आला होता, आणि हे हसणं वेगळं होतं.

"या, या व्याहीबुवा! अचानक? बठ्ठं ठीक शे ना?"

"सहज आलो."

"नव्वद किलोमीटर सहज कोण येतं? चला, आधी जेवा."

व्याह्याच्या ताटावर वाईट बातमी काढत नाहीत. भाऊ शेवभाजीत भाकरी कुस्करत राहिले. आबा आग्रह करत राहिले. मोनाली वाढत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊंनी उचललेला घास ताटात परत ठेवला.

"कुणाचा गं?"

"अनोळखी नंबर आहे, पप्पा. सकाळपासून तिसऱ्यांदा."

"उचलू नको!" भाऊ एवढ्या जोरात ओरडले की मोनालीने फोन बंदच केला. मग थांबणं शक्यच नव्हतं. "आबा, तुमचे लाख रुपये बुडाले. माझ्यामुळे. चेंबर विकीन, पण भरून देईन. फक्त पोरीला बोलू नका."

"कोणते लाख?"

"मायनिंगचे. तुम्ही टाकले ते."

आबांची मान खाली गेली. "भाऊ, रागावू नका. मी टाकलेच नाहीत." त्यांनी खिशातून फोन काढून ताटाशेजारी ठेवला. त्याला बटणं होती. "मना फोन हाऊच शे. पण तुम्ही घरी येऊन एवढं समजावलं. व्याह्याला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, टाकले."



"पप्पा," मोनाली म्हणाली, "तुमचे किती गेले?"

बटणांच्या फोनवरून १९३० लागला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं, बँक विचारली.

"पैसे कधी गेले?"

"शेवटचे दोन लाख नऊ दिवसांपूर्वी."

"मग इतके दिवस कशाला थांबलात, काका?"

भाऊंनी आबांकडे पाहिलं. आबा खाली मान घालून केळं सोलत होते.

आठवड्याने बँकेचं उत्तर आलं. संबंधित खात्यात शिल्लक असलेले एकशे बारा रुपये गोठवण्यात आले होते.