तीस प्रश्नांचा पेपर

आधीच सांगून ठेवतो, क्लाऊड या शब्दावरून पाण्यापावसाचे जेवढे विनोद करता येतात तेवढे त्या साली चितेगावात करून झाले होते. तुमच्याकडं नवा असला तरी मला सांगू नका. माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

मी सांडू. गाव कन्नड तालुक्यात, नोकरी चितेगावला आप्पासाहेबांच्या कारखान्यात. गाड्यांना लागणारे रबरी वायसर बनवतो आम्ही. मी लागलो वायरमन म्हणून. दोन हजार सातला साहेबांनी सर्व्हर आणला, म्हणजे साऱ्या कारखान्याची माहिती सांभाळणारा कपाटाएवढा कॉम्प्युटर. ते बसवायला आलेला इंजिनियर आठव्या दिवशी पुण्याला पळाला अन् जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात देऊन गेला. तेव्हापासून बारा वर्षं ती खोली माझी. ऑर्डरी, माल, हजेरी, सगळं त्या कपाटात. अन् ते कपाट कधी रुसतं, कुठून चुचकारायचं, हे फक्त माझ्या डोक्यात. लिहून कुठं काय ठेवलेलं नाय. लिहायचं कशाला? मी होतो ना.

खोलीत दोन एसी रात्रंदिवस चालायचे. एकोणीसच्या उन्हाळ्यात दुष्काळानं असं बेजार केलं होतं की कारखान्याला टँकर दिवसाआड यायचा. शहरात नळाला आठवड्यानं पाणी, अन् पैठण रोडला नव्या नव्या इमारती उठत होत्या. वर पाटी स्विमिंग पूलची, खाली रांग टँकरची. अशात आमच्या कँटीनच्या मालनबाईनं एसीची नळी हेरली. नळीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली तिनं निळा कॅन लावला. दिवसाला दीड कॅन भरायचा, त्यात कँटीनची भांडी निघायची. खोलीत माणसं बसली, दार उघडझाप झालं की पाणी जास्त गळतं, हा शोध पण तिचाच. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती चार-पाच जणांना माझ्याकडं धाडायची. "जा, बसा जरा सांडूभाऊंजवळ. एकटेच असतात बिचारे." मी समजायचो, आपल्याला लई मान आहे.

आमचे आप्पासाहेब दर बुधवारी सकाळी सात वाजता शहरातल्या एका हॉटेलात जायचे. त्याला म्हणतात नेटवर्किंग. चाळीस कारखानदार उपमा खातात, एकमेकांना कार्ड वाटतात अन् 'तुमचं कसं, आमचं कसं' करत बसतात. मे महिन्यातल्या एका बुधवारी साहेब तिथून आले ते थेट माझ्या खोलीत. चेहरा लालबुंद.

"सांडू, आज माझी इज्जत गेली. एकेकानं उठून सांगितलं, आमचं सगळं क्लाऊडवर गेलं. ज्याला मोबाईलवर मिस कॉल देता येत नाय, तो पण म्हणतो गेलं! मी एकटाच खाली मान घालून उपमा खात बसलो. आजपासून आपण पण क्लाऊडवर."

क्लाऊड म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याचा सर्व्हर, दुसऱ्याच्या गावात, भाड्यानं. आपण इथून नुसती तार जोडायची.

"अन् हा सर्व्हर?" मी विचारलं.

"भंगारात. क्लाऊडचं काम येणारा एक माणूस घेऊ."

"अन् मी?"

"तुझं बघू नंतर."

बैल बाजारात काढायचा असला की आदल्या दिवशी त्याच्या पाठीवरून असाच हात फिरवतात. सेहेचाळीस वर्षांचा, आयटीआय झालेला माणूस. दोन पोरी शिकायला, एक पुण्यात, एक इथं. मला दुसरीकडं कोण उभं करणार? पण साहेबांचं अजून संपलं नव्हतं.

"उमेदवार तूच निवडायचा. त्या खोलीतलं तुझ्याशिवाय कळतं कुणाला?"

म्हणजे खड्डा माझा, अन् कुदळ पण माझ्याच हातात. मी 'व्हय साहेब' म्हणालो अन् तिथंच ठरवलं, भरती घ्यायची, पण कुणाला भरती होऊ द्यायचं नाय. त्यासाठी लेखी परीक्षा ठेवली. तीस प्रश्नांचा पेपर काढला अन् त्यात असे प्रश्न घातले की ज्याचं उत्तर माझ्याशिवाय ब्रह्मदेवाला येणार नाय. प्रश्न चौथा: लाईट गेल्यावर जनरेटर लागायच्या आधी कोणतं बटण पाडावं, न पाडल्यास काय जळतं? प्रश्न अकरावा: हजेरीचं मशीन दर महिन्याच्या पाच तारखेलाच का अडकतं? प्रश्न एकोणिसावा: स्टोअरच्या कॉम्प्युटरची वायर कुठून जाते? ती जाते कँटीनच्या भिंतीतून, मालनबाईच्या मसाल्याच्या डब्यामागून, हे कुणाच्या बापाला कळणार होतं?

साहेबांनी पेपर वाचला. "झकास. पण उत्तरं कुठायत? उद्या कुणी म्हणेल, सांडूनं मुद्दाम पाडलं. उत्तरपत्रिका जोड. सविस्तर."

मी जोडली. तीन रविवार घरी बसून लिहिली. कुठली वायर कुठं जाते त्याचे नकाशे काढले, लाल-निळ्या पेनानं. पासवर्ड पण लिहिले. शेवटी तारीख टाकून सही केली. बायको म्हणाली, "एवढा अभ्यास दहावीला केला असता तर?" मी तिला गप्प बसवलं. तीसच्या तीस उत्तरं वाचून माझी मलाच शाबासकी द्यावी वाटली, एवढं सगळं आपल्याला येतं!

जाहिरात दिली. तेव्हा क्लाऊडच्या माणसांना पुण्यात इतकी मागणी होती म्हणे की दर वर्षाला ते कंपनी बदलायचे. चितेगावला कोण येतंय, असं मला वाटलं होतं. तरी सात जण आले. पहिला मिहिर नावाचा. पुण्याचा, बारा सर्टिफिकेटं, केस उभे. खोलीत आला अन् मला म्हणाला, "सर, सर्व्हर कुठे आहे?" सर्व्हरला टेकूनच उभा होता. एकोणिसाव्या प्रश्नाला त्यानं उत्तर लिहिलं, 'वायरलेस'. त्याला दोन मार्क पडले, ते पण अक्षर चांगलं होतं म्हणून. जाताना त्यानं विचारलं, "इथे वर्क फ्रॉम होम आहे का?" मी म्हणालो, "आहे की. घरीच जा."

पुढच्या पाच जणांनी पण पानं भरभरून फेकाफेकी केली. पाच तारखेला मशीन का अडकतं? एकानं लिहिलं, 'जागतिक ट्रॅफिकमुळे'. मी लाल पेनानं भोपळे काढत सुटलो. कँटीनमध्ये तर दिवाळी झाली. मालनबाईनं मला चहाबरोबर भजी दिली, पैसे न घेता.

"सांडूभाऊ, घेऊ नका बरं कुणाला. तुम्ही गेलात तर आमचं कसं व्हायचं?"

मी भजं हातात धरूनच म्हणालो, "मालनबाई, तुम्हाला एवढं वाटतं माझ्याबद्दल?"

"वाटणार नाय तर काय? एसी बंद झाले तर भांडी काय थुंकीनं घासू?"

भजी तिथंच ठेवून उठलो. आईशप्पथ, लई लागलं मनाला.

सातवी आली तनुजा. कन्नडचीच, सकाळच्या एसटीनं उतरली. सव्वीस वर्षांची असेल. पुण्यात दोन वर्षं क्लाऊडचंच काम करून आईच्या आजारपणासाठी परत आली होती. तिनं पेपर घेतला, पालथ्या बादलीवर बसली अन् तासाभरात उठली. अकरा प्रश्न खोलीतल्या वायरी बघून, ताडून बरोबर, बाकी एकोणीसपुढं एकच वाक्य: 'माहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना विचारीन.' मी मनात म्हणालो, नापास, सुटलो!

"काका, आता उत्तरं बघू?" ती म्हणाली.

परीक्षा झाल्यावर बघायला काय हरकत? मी मोठ्या ऐटीत उत्तरपत्रिका पुढं केली. ती वाचत बसली. एकेक नकाशा दोन-दोनदा बघितला. वीस मिनिटांनी तिनं मान वर केली.

"हे तुम्ही कशाला लिहिलंत, काका?"

"तुम्हाला नापास करायला," माझ्या तोंडून निघून गेलं.

ती हसली नाही. म्हणाली, "क्लाऊडवर जायचं म्हटलं की निम्मे महिने जुन्या माणसाच्या डोक्यातलं बाहेर काढण्यात जातात. कुणी सांगत नाही. दडवून ठेवतात, आजारी पडतात, रजेवर जातात. तुम्ही तर नकाशे काढून, सही करून दिलंय. हे हातात असलं तर कुणीपण तीन आठवड्यांत सगळं हलवेल. मग तुमची..." अन् ती थांबली.

तिला पुढं बोलायची गरज नव्हती. मायला! बारा वर्षं छातीशी धरलेलं सगळं तीन रविवारात मी माझ्या हातानं, लाल-निळ्या पेनानं, वाटून टाकलं होतं. आपल्या पायावर लोक धोंडा पाडून घेतात, मी तो माप घेऊन, घडवून, पॉलिश करून पाडला होता. मी कागद हिसकावून घेतले. पण एक प्रत साहेबांच्या टेबलावर आधीच होती.

तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते मोबाईलवर काहीतरी बघत खुशीत होते.

"काय, कोण पास?"

अजूनही 'कुणी नाय' म्हणता आलं असतं. जिभेवर आलं पण होतं. पण त्या पोरीनं एकोणीस ठिकाणी 'माहीत नाही' लिहिलं होतं, अन् ते माझ्या डोळ्यापुढून हलेना.

"तनुजा. अकरा मार्क."

"तीसपैकी अकरा? अन् पास?"

"बाकीच्यांनी थापा मारल्या, साहेब. हिनं मारली नाय. माझा सर्व्हर मी थापाड्याच्या हातात देणार नाय." मग माझा आवाज चढला. "अन् खरं सांगतो, मला भीती वाटतीय. मी तो पेपर कुणी पास होऊ नये म्हणून काढला होता. मला हाकलायचं असलं तर आत्ता सांगा. रोज-रोज पोटात गोळा घेऊन यायला मी काय नोकर आहे का?"

नोकरच होतो म्हणा. साहेब तोंड उघडणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वाळूजचे एक कारखानदार होते. साहेबांनी बडाई मारायला माझा पेपर, उत्तरांशिवाय, बुधवारच्या उपम्याच्या ग्रुपवर टाकला होता: 'बघा, आमच्याकडं भरती अशी होते.' वाळूजवाले म्हणत होते, आमचं क्लाऊडवर गेलं म्हणून मी सांगितलं खरं, पण गेलं काहीच नाय. आमचा जुना माणूस तोंडच उघडत नाय. तुमचा हा पेपर काढणारा आठ दिवस देता का? हा फोन ठेवेपर्यंत दुसरा आला. संध्याकाळपर्यंत पाच झाले. त्या पाचही जणांचे सर्व्हर जागच्या जागीच होते, अन् सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघून 'गेलं' म्हणत उपमा खात होते!

पिकतं तिथं विकत नाय म्हणतात. पाचव्या फोननंतर साहेबांनी मला खुर्ची दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

"सांडू, तू कुठं जायचं नाय. तनुजाला घेऊ. जुन्या माणसाच्या डोक्यातलं तू काढ, ती क्लाऊडवर चढवील. आपण हाच धंदा करू."

धंदेवाईक माणूस! पण मी हरखून गेलो, खोटं कशाला बोलू. त्याच दिवशी पत्र घेतलं, पगारासकट, सहीशिक्क्याचं. जूनच्या अखेरीस आमचा सर्व्हर मी स्वतः बंद केला. एसी बंद पडले तेव्हा मालनबाईनं आठ दिवस मला बिनसाखरेचा चहा पाजला, मग साहेबांनी कँटीनला वेगळी टाकी दिली अन् प्रकरण मिटलं. माझं कार्ड छापलं. त्यावर नावाखाली 'सल्लागार'.

पहिलं काम वाळूजचंच. मी अन् तनुजा गेलो. त्या खोलीत कडुबा नावाचा माणूस होता, माझ्याच वयाचा, नवा शर्ट घालून आलेला. मी आत गेलो तसा तो उठला, आपली खुर्ची बाहीनं पुसून मला दिली अन् स्वतः सर्व्हरपाशी उभा राहिला. अर्धा तास त्यानं नुसता चहा पाजला. कुठल्याच प्रश्नाला सरळ उत्तर नाय. शेवटी मी त्यांच्या कारखान्यासाठी बदलून आणलेला तीस प्रश्नांचा पेपर बाहेर काढला. त्यानं त्याकडं बघितलं अन् हळूच विचारलं,

"भाऊ, हे सगळं लिहून दिलं की मग मी काय करायचं?"

वाळूजच्या मालकांनी मला आठ दिवसांत काम संपवायला सांगितलं होतं. कडुबाचं पुढं काय करणार, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, अन् विचारायचं मला सुचलं पण नव्हतं. माझी लाज मलाच वाटली. तनुजानं माझ्याकडं बघितलं, म्हणाली, "काका, मी बाहेरच्या वायरी बघते," अन् गेली. मी दार लावून घेतलं.

"कडुबा, पहिले वीस लिही. ते सोपे आहेत. शेवटचे दहा डोक्यातच राहू दे. मालकाकडून नव्या कामाचं पत्र हातात पडलं, सही-शिक्का बघून घेतला, की मग लिही. तोपर्यंत मी सांगतो, माणूस लई अवघड आहे, बोलतं करायला वेळ लागतोय."

"अन् तुमच्या साहेबांनी शिव्या घातल्या तर?"

"खाईन."

त्यानं पेनाचं टोपण काढलं, पहिला प्रश्न वाचला अन् थांबला.

"भाऊ, तुम्हाला असं कुणी सांगितलं होतं का?"

"नाय," मी म्हणालो. "लिही."