भांड्यांत ठेवलेला फोटो

शोभाबाईंना घरातल्या प्रत्येक गोष्टीचे दोन भाग करायची सवय होती. आपलं आणि परकं. सुरतेत उधन्याच्या त्या दोन खोल्यांत तूरडाळसुद्धा यातून सुटत नसे. शिरपूरहून भावाने पाठवलेली डाळ आपली, कोपऱ्यावरच्या दुकानातली परकी. शेजारणींचंही तसंच.

सून उज्ज्वला वाशिमकडची. तिचा भाऊ सुरतेतच कोसाडला राहायचा, तिथे ललितने तिला पाहिलं आणि आईला न विचारता लग्न ठरवून टाकलं. नव्या सुनेने पहिल्यांदा झुणका केला, तेव्हा ताट पुढे सरकवून शोभाबाई म्हणाल्या होत्या, "हाई आपलं नही." पुढे उज्ज्वलाला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. नात आपली होती. नातीची आई मात्र जिथल्या तिथेच राहिली.

मग एका सकाळी भाकरी थापताना शोभाबाईंचा उजवा हात परातीतच थांबला. तोंड वाकडं झालं. ललित यंत्रमागांच्या कारखान्यात फिटर होता, तो पाळी सोडून धावत आला. दवाखान्यातून त्या घरी आल्या तेव्हा काठी धरून चालत होत्या, पण बोलण्याचा पार चुथडा झाला होता. वांगं दाखवलं की "ते". शेळी दाखवली तरी "ते". पेरू, पोपट, बैल, सगळंच "ते". तवा, पळी, पोळपाट मात्र दिसताक्षणी बरोबर सांगायच्या.

दवाखान्यातल्या स्पीच थेरपीच्या बाईंनी ललित आणि उज्ज्वलाला समोर बसवून समजावलं. "आपलं डोकं प्रत्येक गोष्ट कप्प्यात टाकतं. भाजी, जनावर, भांडं. यांचे काही कप्पे मोडलेत. चित्रं दाखवा, ढीग करायला लावा. बरोबर ठेवलं की शाबासकी द्या, काहीतरी आवडीचं खायला द्या. घरच्या माणसांचे फोटोही घ्या त्यात."

ललितची पाळी बारा तासांची. त्यामुळे हे काम उज्ज्वलाकडेच आलं. ती घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. ते बाजूला सारून ती रोज दुपारी सासूसमोर चित्रं मांडायला लागली. बरोबर उत्तराला नानखटाईचा तुकडा.

माणसांच्या फोटोंची पाळी आली तेव्हा शोभाबाईंनी ललितचा फोटो उचलून घरच्यांच्या ढिगात ठेवला. नातीचा ठेवला. कामरेजला दिलेल्या मुलीचा, सुनंदाचा फोटो तर छातीशी धरला आणि मग ठेवला. उज्ज्वलाचा फोटो त्यांनी बराच वेळ न्याहाळला आणि भांड्यांच्या ढिगावर ठेवून दिला. कढईवर.

उज्ज्वलाला वाटलं, चूक झाली. तिने फोटो परत हातात दिला. तो परत कढईवर गेला.

"मी भांडं आहे का, आई?"

शोभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. माणसाकडे बघून बरेच दिवस त्यांना असा स्पष्ट शब्द सापडला नव्हता. "पळी," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी तिने ललितला सांगितलं. तो हसला. "तिचं डोकं जागेवर आहे का? कशाला मनाला लावून घेतेस?"

"डोकं जागेवर नाही म्हणूनच खरं बोलल्या त्या," उज्ज्वला म्हणाली. ललितने टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवसापासून तिने बाकीची चित्रं उचलून ठेवली. फक्त फोटो आणि ती कढई. स्वतःचा फोटो ती सासूच्या हातात द्यायची, तो हात धरून घरच्यांच्या ढिगाकडे न्यायची आणि लगेच नानखटाई द्यायची. हात कढईकडे वळला की नानखटाईचा डबा बंद. शोभाबाई चिडायच्या, डब्याकडे बोट करून ओरडायच्या. उज्ज्वला शांत बसून राहायची. थोड्याच दिवसांत तिचा फोटो न चुकता घरच्यांत जाऊ लागला.

तिथे थांबली असती तर कोणाला काही कळलं नसतं. पण सुनंदाचा व्हिडिओ कॉल आला. आई वाळली म्हणाली, केस विंचरलेले नाहीत म्हणाली. शेवटी म्हणाली, "तुला काय पडलंय म्हणा. रक्ताचं माणूस असतं तर जीव तुटला असता."

उज्ज्वला "हो ताई" म्हणाली आणि फोन ठेवला. त्या दुपारी तिने सतरंजीच्या टोकाला, सगळ्या ढिगांपासून लांब, एक जागा केली. सुनंदाचा फोटो सासूच्या हातात दिला आणि तो हात त्या टोकाकडे नेला.

"परकी," ती म्हणाली. "म्हणा, परकी."

शोभाबाईंनी हात मागे ओढला. उज्ज्वलाने डबा बंद केला. पहिले काही दिवस त्या रडल्या. फोटो पदराखाली लपवायच्या, उज्ज्वला तो काढून घ्यायची. कधी कधी तिला स्वतःचीच भीती वाटायची, पण दुपार झाली की ती पुन्हा सतरंजी अंथरायची. मोडलेल्या कप्प्यात काय भरायचं, हे आता तिच्या हातात होतं. त्या घरात दुसरं काहीच कधी तिच्या हातात नव्हतं.

एका रविवारी सुनंदा कामरेजहून आली. ललितही घरी होता. तिने पिशवी दारातच टाकली आणि आईला मिठी मारायला वाकली. "माय, वळखं का? मी शे ना, सुनंदा."

शोभाबाईंनी डावा हात तिच्या छातीवर ठेवला आणि ढकललं. "परकी."

सुनंदा मागे सरली. पुन्हा जवळ गेली. या वेळी शोभाबाईंनी काठी उचलली.

"आजारामुळे होतं असं," ललित म्हणाला. त्याने घाईघाईने फोटो आणले आणि आईसमोर ठेवले. "माय, सुनंदाताई कुठे ठेवायची? दाखव बरं."

शोभाबाईंनी सुनंदाचा फोटो उचलला, सतरंजीच्या टोकाला नेऊन ठेवला. मग उज्ज्वलाचा फोटो ललितच्या फोटोवर ठेवला. आणि झालं म्हणून त्यांनी उज्ज्वलापुढे तळहात पसरला. बक्षिसासाठी.

शोभाबाई हात हलवत राहिल्या. "दे. दे ना."

"हे तू शिकवलंस," सुनंदा म्हणाली.

"हो."

"आजारी माणसाला? कुत्र्यासारखं?"

"मला पळी म्हणाल्या त्या. तेव्हा तुम्हाला कोणी बोलावलं नाही ताई, आणि तुम्ही आलाही नसतात."

सुनंदाने तिच्या थोबाडीत मारली. ललितने बहिणीचा हात धरला नाही. तो बायकोकडे बघत होता. "घाणेरडी बाई आहेस तू," तो म्हणाला. शोभाबाई घाबरून उज्ज्वलाच्या साडीला धरून बसल्या. सुनंदाने त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याच दुपारी रिक्षा करून आईला कामरेजला नेलं. त्या रिक्षात चढेपर्यंत ओरडत होत्या.

चार दिवसांनी सुनंदाचा ललितला फोन आला. माय माझ्या हातचं खात नाही, पाणीसुद्धा घेत नाही, उज्ज्वलाला पाठव. ललितने उज्ज्वलाला मोटारसायकलवरून नेलं.

कामरेजच्या घरात शोभाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उज्ज्वलाने वाटीत खिचडी कालवली. त्यांनी मुकाट्याने तोंड उघडलं. सुनंदा दारात उभी राहून ते बघत होती. वाटी संपल्यावर ती म्हणाली, "आता उलटं शिकव. माझ्याकडे बोट करून ही आपली म्हण, आणि स्वतःला परकी म्हण. जमेपर्यंत इथून हलायचं नाही."

उज्ज्वलाने सासूचं तोंड पुसलं. "मला बाहेर काढायला तुम्हाला माझी मदत कशाला हवी ताई? तुम्हा सगळ्यांना ते आधीपासून येतंय."

ती उठली. शोभाबाईंनी हाका मारल्या, पण ती थांबली नाही. ललित तिच्यामागे आला नाही. ती हायवेवरून शेअर रिक्षाने एकटीच उधन्याला परतली.

नंतर सुनंदाने आईला स्वतःच शिकवलं, तेही गोड देऊनच. शोभाबाई तिच्या हातचं खाऊ लागल्या, पण जे शिकल्या ते वेगळंच होतं. आता जी बाई हातावर काही ठेवेल ती आपली. दूधवाली, शेजारीण, दारात आलेली भिकारीण, सगळ्यांचे हात धरून त्या "आपली, आपली" म्हणतात. सुनंदाच्या वाट्यालाही तेवढंच येतं.

ललित दर रविवारी एकटा कामरेजला जातो. गेल्या आठवड्यात सुनंदाने उज्ज्वलाला फोन केला. मागे शोभाबाईंचा आवाज येत होता.

"ऐकतेस ना? तिला आता लेक कोण आणि भिकारीण कोण, कळत नाही. तुझं पाप आहे हे."

"आहे," उज्ज्वला म्हणाली. "पण मला पुन्हा फोन करू नका."

तिने फोन पालथा ठेवला आणि अर्धी राहिलेली साडी पुढे ओढली.